पाऱ्याचे देणेघेणे : माती, पान आणि हवा

(कवठे महांकाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या तालुक्यातल्या मुलांना विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही पुस्तकातून उठून थेट आपल्या बांधावर येणारा हवा. म्हणून मी पारा हा विषय निवडला. थर्मामीटरमधला, रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्रातला, सोनाराच्या कामातला पारा आपण पाहिलेला आहे. आज मला बोलायचे आहे ते न दिसणाऱ्या पाऱ्याबद्दल. तो मातीतून हवेत जातो, हवेतून पानात शिरतो, पान गळले की पुन्हा मातीत येतो आणि ऊन तापले की परत वर उठतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. जमीन पारा घेते, पण कायमचा ठेवून घेत नाही. खाणीतून, कोळशातून किंवा औषधाच्या पुड्यातून एकदा बाहेर पडलेला पारा जमीन, हवा आणि पाणी यांच्यात पिढ्यान् पिढ्या फिरत राहतो. त्यामुळे त्याला अडवायची खरी जागा सुरुवातीची आहे. आणि जो आधीच फिरतो आहे, त्याला धरून ठेवायचे बळ मातीत किती उरेल, हे आपण माती कशी राखतो यावर ठरते.

पारा हे मूलद्रव्य आहे. फवारणीच्या औषधाचा रेणू उन्हाने, पाण्याने, जिवाणूंनी कधी ना कधी मोडतो. पाऱ्याचा अणू मोडत नाही. हा धातू उणे ३९ अंशांपर्यंत पातळच राहतो आणि ३५७ अंशांना उकळतो. पण हवेत जायला त्याला उकळावे लागत नाही. साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होत असते आणि तापमान १० अंशांनी चढले की त्या वाफेचा दाब दुपटीहून अधिक होतो. या वाफेला रंग नाही, वास नाही. पावसाच्या पाण्यात ती सहजी विरघळत नाही, त्यामुळे पहिल्या सरीत धुऊन खाली येत नाही. काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत ती हवेत टिकते. एवढ्या काळात वारे तिला पृथ्वीभर फिरवतात. कुठल्या तरी खंडात जाळलेल्या कोळशाचा पारा आपल्या इथल्या दांडोबाच्या डोंगरावर उतरू शकतो, आणि आपला तिकडे जाऊ शकतो.

आता थोडा हिशेब करू. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातल्या स्वच्छ हवेत दर घनमीटरला साधारण दीड नॅनोग्रॅम पारा असतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. तुमच्या एक एकर रानावर एक किलोमीटर उंचीपर्यंत जेवढी हवा आहे, तेवढ्या सगळ्या हवेत मिळून सुमारे ६ मिलिग्रॅम पारा भरेल. आता त्याच एकराची वरची वीस सेंटिमीटर माती घ्या. प्रदूषण नसलेल्या मातीत दर किलोला साधारण ०.०२ ते ०.१ मिलिग्रॅम पारा असतो. आपण ०.०३ धरू. एकरभर मातीच्या त्या थराचे वजन हजार टनांच्या आसपास जाते, म्हणजे तिच्यात सुमारे ३० ग्रॅम पारा झाला. वर ६ मिलिग्रॅम, खाली ३० ग्रॅम, म्हणजे पाच हजार पट. मातीने आपल्याजवळचा हजारावा हिस्सा जरी सोडला, तरी वरच्या हवेतले प्रमाण कित्येक पटींनी बदलेल. म्हणूनच वातावरणातल्या पाऱ्याचा अभ्यास करणारे लोक आभाळाकडे जेवढे बघतात, तेवढेच पायाखाली बघतात.

हाच हिशेब घरातही लावून पाहा. ताप बघायच्या जुन्या थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असतो. एक किलोमीटर उंचीपर्यंतच्या दीडशे एकरांहून जास्त रानावरच्या हवेत जेवढा पारा असतो, तेवढा त्या काचेच्या नळीत आहे. ती नळी फुटून थेंब फरशीच्या फटीत गेले, की तो पारा महिनोन् महिने त्या खोलीत वाफ सोडत राहतो.

आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तिचा आणि पाऱ्याचा संबंध फार जुना आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरांवर थर पसरले. आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. दांडोबाचा काळा पाषाण, विहीर खणताना लागणारा कातळ, वरची काळी माती आणि खालचा मुरूम, हे सगळे त्याच लाव्हाचे. ज्वालामुखी पेटतो तेव्हा इतर वायूंबरोबर पाराही बाहेर पडतो. लाव्हा थंड होऊन दगड झाला, तेव्हा त्यात पारा जवळजवळ उरला नाही. तो आधीच वाफ होऊन वातावरणात गेला होता. तो कुठे गेला, याचा माग आता लागला आहे. युरोपातल्या आणि इतर ठिकाणच्या त्या काळातल्या गाळाच्या थरांत पाऱ्याचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी अलाबामा, अंटार्क्टिका अशा दूरदूरच्या ठिकाणांहून आलेले त्या काळातले शिंपले तपासले. त्या शिंपल्यांतही पारा वाढलेला निघाला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात कारखान्यामुळे पाऱ्याने दूषित झालेल्या नदीच्या खोऱ्यातले आजचे शिंपले त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींतले प्रमाण साधारण सारखे होते.

विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपल्या भूमीतून उठलेला पारा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला समुद्राच्या तळाशी शिंपल्यात जाऊन बसला आणि तिथे आजही सापडतो. वायूरूप पारा किती लांब जातो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. जे काम ज्वालामुखींनी लाखो वर्षांत केले, त्याच्या जोडीला माणूस गेली पाचशे वर्षे बसला आहे. स्पेनच्या राजवटीत अमेरिका खंडातल्या खाणींत चांदी काढायला पारा वापरला, कॅलिफोर्नियात सोने काढायला वापरला, मग कोळशाचे युग आले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालानुसार माणसाच्या उद्योगांमुळे वातावरणातला पारा नैसर्गिक पातळीच्या वर सुमारे ४५० टक्क्यांनी वाढला आहे.

आता जमिनीचा आणि हवेचा व्यवहार प्रत्यक्ष चालतो कसा, ते पाहू. मातीत पारा बहुतेक करून मोकळ्या धातूच्या रूपात नसतो. विद्युतभारित कण होऊन तो सेंद्रिय पदार्थाला, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या काळ्या अंशाला चिकटलेला असतो. त्या अंशातले गंधकाचे गट पाऱ्याला फार घट्ट धरतात. त्यामुळे ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब चांगला, ती जमीन पारा धरून ठेवते. आपल्याकडच्या हलक्या, मुरमाड, उघड्या रानात कर्ब कमी, म्हणून तिथली पकडही सैल.

ही पकड सोडवतो सूर्यप्रकाश. ऊन मातीच्या अगदी वरच्या पापुद्र्यावर पडले, की भारित पाऱ्याचे रूपांतर पुन्हा मोकळ्या पाऱ्यात होते आणि तो वाफ होऊन उठतो. चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेले रान भर दुपारी अनवाणी पाय ठेवू देत नाही, त्या वेळी हा व्यवहार जमिनीकडून हवेकडे जोरात चालू असतो. रात्री माती गार झाली, दहिवर पडले, की उलटी वाट सुरू होते आणि थोडा पारा खाली उतरतो. दिवसा देणे, रात्री घेणे, आणि उन्हाळाभर देण्याचे पारडे जड.

आणि मग येतो वळीव. हा प्रसंग मला जरा जवळून दाखवायचा आहे, कारण आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखाला तो विशेष लागू पडतो. महिनोन् महिने वाळलेल्या, भेगाळलेल्या मातीत कणाकणांच्या मध्ये हवा भरलेली असते आणि त्या हवेत मातीने सोडलेली पाऱ्याची वाफ साठलेली असते. टपोरे थेंब पडतात, पाणी त्या पोकळ्यांत घुसते आणि आतली हवा बाहेर ढकलते. दुसरी गोष्ट त्याच वेळी घडते. कोरड्या कणांच्या अंगाला चिकटून बसलेल्या पाऱ्याची जागा पाण्याचे रेणू बळकावतात, आणि पारा सुटतो. त्यानंतर ऊन पडून ओली माती सुकू लागली, की खालचा ओलावा वर येताना आपल्याबरोबर आणखी पारा पृष्ठभागावर आणतो. वाळवंटी आणि कोरड्या जमिनींवर झालेल्या प्रयोगांत पाणी पडल्या पडल्या पाऱ्याचे उत्सर्जन कित्येक पटींनी उसळलेले दिसले आहे. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाने आपले मन भरून येते, त्याच मिनिटांत हाही श्वास रानातून सुटत असतो. घाबरायचे कारण नाही, हे प्रमाण नॅनोग्रॅमचे आहे, त्याने कुणाला इजा होत नाही. पण जगातल्या सगळ्या कोरड्या जमिनींची बेरीज केली, तर ती जागतिक हिशेबात दिसते.

दुसरा खेळाडू आहे पान. पुष्कळ वर्षे समज असा होता, की हवेतला पारा मुख्यतः पावसातून खाली येतो. तो आता मागे पडला. पानाच्या पाठीवर जी सूक्ष्म छिद्रे असतात, ज्यांतून पान कर्बवायू आत घेते, त्यांतूनच पाऱ्याची वाफही आत जाते आणि तिथे अडकून बसते. पानातला बहुतेक सगळा पारा असा हवेतून आलेला असतो. मुळे मातीतला पारा फारसा वर चढू देत नाहीत. म्हणून पान जितके जुने, तितका त्यातला पारा जास्त. आपल्या द्राक्षबागेत खरड छाटणीनंतर फुटलेले पान ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत वेलीवर राहते. त्या पानाने तेवढे महिने हवा गाळलेली असते. द्राक्षात किंवा बेदाण्यात त्यातले काही उतरेल का, अशी शंका बागायतदाराला येणारच. पानात शिरलेला पारा बहुतांशी पानातच राहतो, फळाकडे जाणारा अंश अगदी नगण्य असतो. छाटलेला पाला जमिनीवर पडून कुजला, की तो पारा सेंद्रिय अंशाला बांधला जाऊन मातीत मुरतो.

या पानांच्या कामाचे मोजमाप जगभर झाले आहे. अलास्काच्या टुंड्रा प्रदेशात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या जमिनीवर उतरणाऱ्या पाऱ्यातला सुमारे ७१ टक्के वाटा पावसाबर्फातून आलेला नव्हता, तो थेट वायूरूपातून आलेला होता. पुढच्याच वर्षी असेही दाखवले गेले, की उत्तर गोलार्धात झाडोरा हिरवागार होतो त्या महिन्यांत हवेतला पारा कमी होतो आणि पाने गळाली की पुन्हा वाढतो. पेरू देशातल्या ॲमेझॉनच्या जंगलात, सोने काढणाऱ्यांच्या वस्त्यांजवळ, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर फार बोलके चित्र समोर आणले. सोने काढताना जाळलेला पारा जवळच्या जुन्या, दाट जंगलाच्या पानांनी अडवला आणि पाल्याबरोबर, पानांवरून ओघळणाऱ्या पाण्याबरोबर तो त्या जंगलाच्या मातीत उतरला. तोडून उघड्या केलेल्या जागेपेक्षा तिथे कितीतरी अधिक पारा निघाला. झाडाने हवा स्वच्छ केली, पण त्याचा भार जंगलाच्या मातीवर आणि तिथल्या पाखरांवर पडला.

इतका सूक्ष्म पारा मोजतात तरी कसा? जमिनीवर एक पारदर्शक पेटी उपडी ठेवतात. तिच्यातून ठराविक वेगाने हवा ओढतात. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतल्या पाऱ्याचा फरक काढला, की त्या तुकड्याने किती दिले किंवा घेतले ते कळते. आणि हवेतला पारा पकडायला वापरतात सोने. सोन्याचा मुलामा दिलेल्या कणांनी भरलेल्या बारीक नळीतून हवा सोडली, की पारा सोन्याला धरून बसतो, बाकी हवा निघून जाते. मग नळी तापवली की पारा सुटतो, त्याच्यावर २५३.७ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांचा झोत टाकतात आणि त्याने पारा किती चमकतो यावरून त्याचे प्रमाण काढतात.

सोने आणि पारा यांचे हे नाते या सभागृहातल्या अनेकांच्या घराला परिचयाचे आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या पट्ट्यातली माणसे दुष्काळाने गाव सोडून गलाईच्या धंद्यात गेली आणि सोने-चांदी गाळून शुद्ध करायचे कसब घेऊन देशभर पसरली. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ कट्ट्याच्या बोळात आपल्या भागाचा माणूस भेटतो. यात्रेला तो गावी येतो, देवळाला, शाळेला देणगी देतो. गावे उभी करणारा हा धंदा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. धुळीतले, राखेतले, झाडलोटीतले सोन्याचे बारीक कण उचलायला पारा वापरण्याची रीत जगात अनेक ठिकाणी चालत आली. पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा आगीवर धरतात, पारा उडून जातो, सोने मागे राहते. उडून गेलेला पारा आधी त्या माणसाच्या फुप्फुसात जातो आणि उरलेला हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अहवालात २०१५ साली माणसाने हवेत सोडलेला पारा सुमारे २,२२० टन धरला आहे. त्यातला सुमारे ३८ टक्के लहान प्रमाणावर सोने काढणाऱ्यांकडून आला आणि सुमारे २१ टक्के कोळसा जाळण्यातून. बंद भांड्यात पारा तापवून वाफ थंड करून परत मिळवायची साधी साधने आहेत. पारा अजिबात न वापरता काम करायच्या पद्धतीही आहेत. आपला कुणीही माणूस उघड्या आगीवर, बंद खोलीत, शेजारी पोरे झोपलेली असताना पारा तापवत असेल, तर ते आजच्या आज थांबले पाहिजे. फोनवर एवढे सांगणारे घरचेच माणूस लागते.

कोळशाकडे वळू. कोळशाच्या एका टनात ग्रॅमचा दहावा भाग, कधी त्याहून अधिक पारा असतो. हे ऐकायला क्षुल्लक वाटते. पण हजार मेगावॅट वीज अखंड काढायला आपल्या देशी कोळशाचे दिवसाला पंधरा हजार टनांच्या घरात लागतात. त्यात रोजचा दीड किलो पारा आला. काही राखेत अडतो, काही धुरांड्यातून जातो. आपल्या राज्यात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, पारस, एकलहरे अशी कोळशावरची केंद्रे आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यावर घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या द्राक्षबागेचा पंप ज्या विजेवर चालतो, म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी ज्या विजेवर वर चढते, तिच्यातली काही वीज अशा केंद्रांतून येते. त्यामुळे ही मर्यादा पाळली जाते का, हे विचारायचा आपल्यालाही हक्क आहे.

कारखान्यातून पारा जमिनीत आणि हवेत कसा मुरतो, याचे आपल्या देशातले सगळ्यांत ठळक उदाहरण कोडाईकॅनालचे. अमेरिकेतल्या वॉटरटाऊनमधला थर्मामीटरचा कारखाना १९८३ च्या सुमारास तिथे आणला गेला. २००१ साली भंगारवाल्याच्या आवारात पाऱ्याने माखलेल्या काचेचा ढीग सापडला, लोकांनी आवाज उठवला आणि कारखाना बंद पडला. त्यानंतर हैदराबादच्या अणुऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या झाडांवरचे दगडफूल आणि शेवाळ तपासले. दगडफुलाला मुळे नसतात, ते सगळे हवेतून घेते. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल याच जातकुळीतले. त्यात पारा वाढलेला आढळला, म्हणजे कारखान्याची हवा जंगलापर्यंत पोहोचली होती. भट्टी विझली, कामगार घरी गेले, तरी त्या आवारातल्या मातीच्या सफाईचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला.

आता आपल्या शेतातले एक पान उलटतो. ऊस लावताना बेणे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवायची रीत इथल्या जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. त्यात एमिसान, ॲरेटान, ॲगॅलॉल ही नावे होती. ही औषधे पाऱ्याची होती. आपल्या देशात ती पुढे ऊस आणि बटाट्याच्या बेण्यापुरती ठेवली गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांच्यावर पूर्ण बंदी आली. ६ टक्के पारा असलेल्या अर्धा किलो भुकटीत ३० ग्रॅम पारा भरतो. मघाशी एक एकराच्या वरच्या थरातला सगळा नैसर्गिक पारा आपण ३० ग्रॅमच काढला होता. ज्यांनी हे औषध वापरले त्यांचा काही दोष नाही. कृषी शिफारस होती, ती त्यांनी पाळली. पण तो पारा कुठे गेला असेल, याचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकता. काही मातीत बांधला गेला, काही ऊन-पावसाने उठला, काही गाळाबरोबर ओढ्यात गेला.

बियाण्याच्या पाऱ्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे १९७१-७२ मध्ये इराकने पाहिले. दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशातून गहू आणि जव आले. त्यांना मिथिल पाऱ्याचे औषध चोळलेले होते. भुकेल्या माणसांनी ते दळून त्याच्या भाकरी केल्या. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतली ४५९ तिथेच गेली. आपल्याकडचे औषध त्यापेक्षा सौम्य प्रकारचे होते, पण दुष्काळी भागातल्या माणसाने ही गोष्ट विसरू नये.

हा मिथिल पारा म्हणजे खरा शत्रू. तळे, धरण, खाडी यांच्या तळाच्या गाळात प्राणवायू संपतो, तिथले काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात जात वाढत राहतो. जपानमध्ये मिनामाता गावात कारखान्याचे सांडपाणी समुद्रात सोडले जात होते. १९५६ मध्ये तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. कोळ्यांच्या घरांत हात-पाय थरथरणारी माणसे होती आणि आईच्या पोटातच मेंदूला इजा झालेली मुले जन्माला आली. आपल्या राज्यात ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच लिहिले होते, आणि उल्हास नदीच्या मुखाच्या गाळातल्या पाऱ्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मिनामाताच्या नावानेच आंतरराष्ट्रीय करार झाला. तो ऑक्टोबर २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने २०१४ मध्ये सही केली आणि जून २०१८ मध्ये तो मान्य केला.

करार झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ च्या आढाव्यात वर्षभरात हवेत जाणाऱ्या पाऱ्याची विभागणी दिली होती. सुमारे १० टक्के ज्वालामुखीसारख्या निसर्गातल्या कारणांनी, सुमारे ३० टक्के माणसाच्या चालू उद्योगांनी आणि उरलेला सुमारे ६० टक्के म्हणजे पूर्वी जमिनीवर आणि समुद्रावर पडलेला पारा पुन्हा उठलेला. त्या ६० टक्क्यांतही माणसाने मागे सोडलेला पारा फार मोठा आहे. आज सगळी धुरांडी बंद केली, तरी जमीन आणि समुद्र तो परत देत राहतील. आपण आज जे सोडू, ते आपल्या पणतवंडांच्या हवेत फिरेल.

म्हणून काय करायचे, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट पाचटाची. म्हैसाळचे पाणी आले, तालुक्यात ऊस वाढला आणि तोडणीनंतर पाचट पेटवण्याची घाईही आली. पान पेटले की त्यातला जवळजवळ सगळा पारा तत्क्षणी हवेत जातो आणि मातीचा वरचा पापुद्राही आपला पारा सोडतो. वर्षभर पानाने हवेतून जे काढून घेतले, ते एका काडीने आपण परत करतो. तेच पाचट कुट्टी करून खोडव्याच्या सरीत पसरले, तर पाणी वाचते, कर्ब वाढतो आणि पारा मातीत बांधला जातो. बांध पेटवणे, डोंगराचे गवत पेटवणे यांनाही हेच लागू आहे. कर्बाचे, पाण्याचे आणि पाऱ्याचे गणित इथे एकाच बाजूला झुकते.

दुसरी गोष्ट घरातली. जुने थर्मामीटर, दवाखान्यातली पाऱ्याची रक्तदाब यंत्रे, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, आणि कुणाच्या कोठारात पडून राहिलेला बेण्याच्या औषधाचा जुना पुडा, हे उकिरड्यावर किंवा शेकोटीत जाता कामा नये. प्रत्येक ग्रामपंचायतीने त्यासाठी झाकणाचा एक वेगळा डबा ठेवावा आणि तो जिल्ह्याच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे पोहोचवावा. थर्मामीटर फुटलाच, तर केरसुणी लावू नका, तिने थेंबांचे आणखी बारीक थेंब होतात. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदाने थेंब गोळा करून पाणी घातलेल्या बाटलीत भरा आणि झाकण घट्ट लावा. मोरीत ओतू नका.

तिसरी गोष्ट गलाईवाल्या घरांची. ती मघाशी सांगितली. परमुलखात भट्टीपाशी बसलेला आपला माणूस निरोगी राहणे, ही गावाचीच गरज आहे.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांची. दांडोबाच्या कातळावरचे दगडफूल, ओढ्याकाठच्या वडा-पिंपळाची जून पाने, पाचट जाळलेल्या आणि न जाळलेल्या रानांतली माती, यांचे नमुने गोळा करायला महागडे यंत्र लागत नाही. स्वच्छ पिशवी, तारखेची आणि जागेची नीट नोंद आणि तपासणीसाठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशी केलेला पत्रव्यवहार पुरतो. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी असा दर वर्षी एकाच महिन्यात, त्याच जागांवरून नमुने घ्यायचा उपक्रम सुरू करावा, अशी माझी व्याख्यानमालेच्या विश्वस्तांना जाहीर विनंती आहे. दहा वर्षांनी त्या नोंदींतून या तालुक्याच्या हवेचा आणि मातीचा इतिहास उभा राहील, आणि शासनाकडे काही मागायला जाताना आपल्या हातात कागद असेल.

गुरुजींच्या नावाची ही व्याख्यानमाला पुढच्या वर्षी भरेल, तेव्हा या उपक्रमाचा पहिला तक्ता इथल्याच विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी या व्यासपीठावरून वाचून दाखवावा. त्यासाठी नमुने घेण्याच्या जागा ठरवायचे काम मी आज इथून निघण्यापूर्वी, ज्या शिक्षकांना आणि मुलांना सहभागी व्हायचे आहे त्यांच्याबरोबर बसून सुरू करायला तयार आहे. सभा संपल्यावर त्यांनी थांबावे.